खटका आधी पाहा, चाबी मागाहून: स्वस्त कुलपाची टेबलावरची झडती

वावरातल्या मोटारपंपाच्या स्टार्टर पेटीला, खोपडीला, कोठ्याला, खताच्या खोलीला जे कुलूप लागतं ते बहुतेक वेळा आठवडी बाजारात ताडपत्रीवरून उचललेलं असतं. हाताला जड, वर पितळी रंग, पाठीवर ‘६ लिव्हर’ नाहीतर ‘हार्डन्ड’ असा ठसा, आणि तारेत ओवलेल्या दोन-तीन चाब्या. अशी कितीतरी कुलपं उघडायला चाबीच्या भोकात शिरावंच लागत नाही. छंद म्हणून कुलपं सोडवणारी मंडळी या आडवाटेला बायपास म्हणतात. पिना किंवा लिव्हर, म्हणजे बरोबर चाबी ओळखणारे आतले भाग, यांच्याशी झटापट करायची नाही. त्यांच्या आड बसून जो खटका दांडी धरून ठेवतो, त्यालाच थेट ढकलायचं. खटका नुसत्या स्प्रिंगवर बसला असेल, तर लिव्हर सहा असोत की सोळा, ते आत बसल्या जागी राहतात आणि कुलूप उघडतं.

इथे आपलं कुलूप कोणत्या वाटेनं हार खातं हे घरच्या टेबलावर कसं ओळखायचं ते सांगितलंय, आणि मग दुकानात कोणतं मागायचं, कोयंडा कसा बसवायचा तेही.

त्याआधी दोन नियम. छंदवाल्यांच्या मंडळांमध्ये जगभर ते पाळले जातात. दुसऱ्याचं कुलूप मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. आणि वापरात असलेलं कुलूप, स्वतःचं असलं तरी, सरावाला घ्यायचं नाही. पहिल्याचं कारण सांगायला नको. दुसऱ्याचं कारण असं की ओढाताणीत स्प्रिंग सटकते किंवा पिन तिरपी होते, कुलूप बंद अवस्थेतच अडकतं, आणि तुरीला पाणी द्यायच्या रात्री पेटी उघडत नाही. जुनं, बाद झालेलं किंवा झडतीसाठीच विकत घेतलेलं कुलूप टेबलावर घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ ही लक्षात असू द्या. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे. म्हणून ही अवजारं घरच्या डब्यात राहू द्या, मोटारसायकलच्या डिक्कीत नको. डीपीची पेटी आणि मीटरचं सील हे तर आपलं नव्हेच.

साहित्य फार लागत नाही. लहान व्हाईस, बारीक कानस, टॉर्च, लाकडी मोगरी, दात कोरायच्या चार लाकडी काड्या, थंड पेयाचा रिकामा ॲल्युमिनियमचा डबा, चांगली कात्री, पॉलिश पेपर. आणि एक फिलर गेज. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडे टॅपेट लावायला असतो तोच, ०.०५ मिलिमीटरपासून चढत्या जाडीच्या पात्यांचा जुडगा. या कामात सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, आणि कुलपाच्या संदर्भात ती कोणाला आठवत नाही.

खटका आहे की गोळी

कुलूप चाबीनं उघडा आणि वाकडी दांडी, म्हणजे दुकानदार ज्याला शॅकल म्हणतो ती, बाजूला फिरवा. दांडीला दोन पाय असतात. एक आखूड, तो पूर्ण बाहेर येतो. दुसरा लांब, तो धडातच राहतो आणि त्यावर दांडी फिरते. आखूड पायाच्या आतल्या अंगाला खाच दिसेल. ती नीट पाहा, बोटाचं नख फिरवून पाहा.

खाच चौकोनी असेल, आरीनं कापल्यासारखी, कडेवर नख अडकत असेल आणि पायाचं टोक तिरकस घासलेलं असेल, तर आत स्प्रिंगचा खटका आहे. टोक तिरकस यासाठी की दांडी खाली दाबली की ते खटक्याला बाजूला सारत आत जातं, आणि खाच समोर आली की खटका टक्‌ करून तिच्यात बसतो. खाच अर्धगोल असेल, चमच्याच्या वाटीसारखी, नख न अडकता तिच्यातून घसरत असेल, तर आत पोलादी गोळी आहे. गोळीच्या पाठीमागे स्प्रिंग नसते, चाबीनं फिरणारा भरीव गाभा असतो. चाबी फिरून गाभ्याची खोलगट बाजू समोर आल्याशिवाय गोळीला मागे सरायला जागाच मिळत नाही. लांब पायावरही दुसरी खाच आणि दुसरी गोळी असेल तर ते कुलूप दोन्हीकडून धरलेलं आहे. अशीच कुलपं शोधायची असतात.

खाच पाहून मन भरलं नाही तर काडी घ्या. दांडी बाहेर फिरवलेली ठेवून चाबी बंदच्या जागी आणा, निघत असेल तर काढून घ्या. (काही कुलपांत उघडं असताना चाबी निघतच नाही. तिथे नुसती मागे फिरते का पाहा.) आता दांडीच्या रिकाम्या भोकात टॉर्च मारा. कडेला खटक्याचं टोक डोकावताना दिसेल. त्याला लाकडी काडीनं आडवं, आतल्या बाजूला ढकला. काडी न मोडता खटका आत गेला आणि सोडल्यावर परत आला, तर तुमच्या कुलपाची हकीकत कळली. जे काडीनं हललं ते पत्र्याच्या चिंधीनंही हलणार. गोळीचं कुलूप असेल तर काडी मोडेल, गोळी जागची हलणार नाही.

बाजारात कुलूप घेताना एवढं करायला दुकानदार देतो की नाही हा प्रश्न आहे. मग निदान एवढं विचारा, “भाऊ, हे दाबून लागते का चाबीनं लावा लागते?” दाबून लागणाऱ्या स्वस्त कुलपात बहुधा स्प्रिंगचाच खटका असतो. चाबी फिरवल्याशिवाय बंदच न होणारं कुलूप रोजच्या वापराला कटकटीचं वाटतं. सालगडी कुरकुर करतो, हात भरलेले असताना चाबी काढावी लागते. पण ती कटकट हीच त्याची ताकद आहे.

पत्री

छंदवाले जिला शिम म्हणतात ती म्हणजे दांडी आणि धड यांच्या फटीतून खाली सारायची पातळ, गोलाईदार पत्री. खटक्याचं तिरकस टोक आणि खाच यांच्यामध्ये ती शिरते, खटक्याला मागे सारते, दांडी मोकळी होते. पिना-लिव्हर यांना याचा पत्ताही लागत नाही.

आधी फट मोजा. कुलूप बंद करून व्हाईसमध्ये हलकेच धरा, दांडी बोटानं एका अंगाला रेटा आणि उलट्या अंगाला पाय आणि भोकाची कड यांच्यात फिलर गेजची पाती एकेक घालून पाहा. थंड पेयाच्या डब्याची भिंत साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते, दाढीचं दोन धारांचं ब्लेडही तेवढंच. तेव्हा ०.१५ चं पातं सहज जात असेल तर पत्रीला दार उघडंच आहे. ०.२० चं सैल गेलं तर धातूची जाड, टणक पत्रीही चालेल. ०.०५ चं सुद्धा अडत असेल तर हे कुलूप नेटकं घडवलंय, निदान या बाबतीत.

पत्री कापायची असेल तर डब्याची दोन्ही तोंडं कापून मधला पत्रा सपाट करा आणि त्याच्या कडा पॉलिश पेपरनं मारून घ्या. नाहीतर बोट कापतं, आणि ती जखम ब्लेडसारखी बारीक, लवकर न भरणारी असते. बोटाच्या दोन पेरांएवढा चौकोन घ्या. खालच्या कडेच्या मधोमध गोल टोकाची जीभ ठेवा, दोन्ही बाजूंचा पत्रा वर दुमडून धरायला पंख करा. जिभेची रुंदी दांडीच्या घेराच्या निम्म्याहून थोडी कमी. सहा मिलिमीटरच्या दांडीचा घेर साधारण १९ मिलिमीटर भरतो, म्हणजे जीभ आठ-नऊ मिलिमीटरची. ती त्याच जाडीच्या खिळ्यावर किंवा ड्रिल बिटवर वाकवून पन्हळीसारखी करून घ्या.

जीभ पायाच्या बाहेरच्या अंगानं फटीत उतरवायची, कारण तिथे खटका नसतो आणि ती मोकळी जाते. पुरेशी खाली गेली की पंख धरून पायाभोवती आतल्या अंगाला फिरवायची. खटका असतो तो दोन पायांच्या मधल्या बाजूला.

जमलं नाही तर कारण बहुधा ओढण्यात सापडतं. हात आपसूक दांडी वर ओढतो. ओढली की खाचेची कड खटक्याच्या खालच्या अंगावर दाबून बसते आणि पत्रीला जागाच उरत नाही. उलट दांडी खाली दाबून धरायला हवी. तेवढ्यानं खटका खाचेत सैल होतो, पत्री फिरते, आणि मग सोडलं की दांडी वर येते. दुसरी चूक पत्रीची. ॲल्युमिनियम एकदाच नीट वाकतं. फिरवताना सुरकुती पडली की तिथेच फाटतं, आणि फाटका तुकडा आत राहिला तर कुलूप कायमचं खरखरतं. सुरकुतलेली पत्री टाकून नवी कापा. तिसरी गोष्ट म्हणजे दोन खटक्यांचं कुलूप. लांब पायालाही खटका असेल तर एका पत्रीनं काही होत नाही, दोन्ही पायांना एकाच वेळी लागते. म्हणून ‘डबल लॉकिंग’ असं छापलेलं स्प्रिंगचं कुलूप एका खटक्याच्या कुलपापेक्षा थोडं बरं, पण गोळीची सर त्याला नाही.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हा प्रयोग स्टार्टर पेटीवर लटकलेल्या कुलपावर करू नका. पेटीचा पत्रा पातळ, आत तीन फेजचे ४१५ व्होल्ट, आणि वावरात लाईट कधी येईल याची पाळी आपल्या हातात नसते. हातातून निसटलेली पत्री दाराच्या फटीतून आत पडली तर ती थेट टर्मिनलवर. कुलूप काढून घरी न्या.

मोगरीचा टोला

स्प्रिंगच्या खटक्याची दुसरी कमजोरी म्हणजे त्याचं वजन. खटका जड आणि स्प्रिंग मऊ असेल तर कुलपाला आडवा धक्का बसताच खटका जडत्वानं मागे राहतो आणि क्षणभर खाचेतून बाहेर येतो. पत्र्याचे थर रिबिटनं जोडून केलेल्या जाड चौकोनी कुलपांत हे पुष्कळदा होतं. तपासायला दांडीत दोरी ओवून अगदी हलका ताण द्या, आणि खटका ज्या पायाला आहे त्याच्या उलट्या कुशीवर लाकडी मोगरीनं छोटे, चटचटीत टोले द्या. पाच-दहा टोल्यांत दांडी उडाली तर हे कुलूप कामाचं नाही. जोरात मारण्याचा उपयोग नाही. धक्का जेवढा अचानक, तेवढा परिणाम. लोखंडी हातोडीनं धड चेंबतं आणि आतलं सगळं जाम होतं. ताण जास्त झाला तरी जमत नाही, कारण मग खटका खाचेच्या कडेला घट्ट चिकटून बसतो. दोन्हीकडे गोष्ट तीच आहे, खटक्यावरचा भार.

कंगवा आणि मागचं दार

आता पिनांचं कुलूप, म्हणजे ज्याची चाबी चपटी, एका कडेला डोंगररांगेसारखी कापलेली. ही रचना लायनस येल धाकटे यांची, १८६० च्या दशकातली, आणि तत्त्व अजून तेच आहे. प्रत्येक भोकात खालची पिन, तिच्यावर वरची पिन, तिच्यावर स्प्रिंग. बरोबर चाबीनं दोन्ही पिनांचा सांधा गाभ्याच्या कडेला येतो आणि गाभा फिरतो.

स्वस्त कुलपांत पिना आखूड टाकतात. पितळ वाचतं. पण मग वरच्या भोकात एवढी जागा राहते की दोन्ही पिना आणि दबलेली स्प्रिंग मिळून अख्ख्या वर मावतात. सांधा जुळवायची गरजच उरली नाही. सगळ्या पिना एकदम वर ढकलल्या की गाभा मोकळा. यासाठीच्या अवजाराला कंगवा म्हणतात आणि तो दिसतोही तसाच, पिनांच्या अंतरावर चार-पाच दाते असलेला. टेबलावर याची साधी परीक्षा: चाबीच्या भोकात पातळ पट्टी घालून सगळ्या पिना मिळतील तेवढ्या वर रेटा आणि दुसऱ्या पातीनं गाभ्याला किंचित पीळ द्या. पिना एका ठिकाणी टणक थांबत असतील आणि थांबल्यावरही त्यांचा काही भाग गाभ्यात असेल, तर कंगवा चालणार नाही. रबरासारख्या वरच जात राहिल्या तर चालेल. हॅक्सॉचं पान सुमारे ०.६ मिलिमीटर जाड असतं. ते घासून अशी पट्टी होते, पण घासताना निळं पडू देऊ नका, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि पट्टी वाकते. मिनिटाला एकदा पाण्यात बुडवायची.

दुसरी वाट गाभ्याच्या पाठीमागून जाते. काही कुलपांत चाबीचं भोक आरपार असतं. टॉर्च मारला की पिनांच्या पलीकडे, थेट तळाशी, एक पत्ती दिसते, जी गाभ्याबरोबर फिरून खटक्याला ओढते. सायकलच्या स्पोकचं टोक ऐरणीवर चपटं करून ते पिनांखालून आत घातलं आणि ती पत्ती स्वतंत्रपणे हलली, तर गाभा फिरवायचीच गरज नाही. चांगल्या कुलपात भोकाच्या तळाशी भिंत असते. विकत घेताना टॉर्च मारून पाहण्यासारखी ही एक गोष्ट आहे, आणि दुकानदाराची त्याला हरकत नसते.

जुन्या पेट्यांची ती चपटी, खडखडणारी कुलपं, ज्यांची चाबी दोन्ही कडांना चौकोनी खाचांची असते, त्यांच्याबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. आत फक्त अडसर असतात, चाबीच्या खाचा त्या अडसरांना चुकवतात, बस्स. चाबीचं मधलं सगळं घासून फक्त टोक ठेवलं तरी ती त्या जातीची बरीच कुलपं उघडते. आजीच्या पेटीला शोभेपुरतं ठीक.

आकड्यांचं कुलूपही लवकर आटोपतं. तीन चक्रांचे एक हजार आकडे, एकेक करून फिरवले तरी अर्ध्या-पाऊण तासाचं काम. स्वस्त असेल तर तेवढंही नाही. दांडी ताणून धरली की एक चक्र बाकीच्यांपेक्षा जड फिरतं, ते बरोबर घरात आलं की सैल पडतं, मग पुढचं जड होतं.

लिव्हरचा आकडा

लिव्हरच्या कुलपांची आपल्याकडची पेठ म्हणजे अलीगढ. तिथून येणारा माल दोन्ही टोकांचा आहे, उत्तमही आणि टाकाऊही. लिव्हर हा प्रकार मुळात कच्चा नाही. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकनानं चब या इंग्रज कंपनीचं नावाजलेलं लिव्हर कुलूप उघडून दाखवलं तेव्हा त्यालाही सुमारे २५ मिनिटं लागली होती, आणि तो त्या काळचा अव्वल कारागीर. त्यासमोर पत्रीचं काम काही सेकंदांचं. म्हणून लिव्हरचा आकडा मोठा छापलेला असला तरी खाली खटका स्प्रिंगचाच आहे का, हे आधी पाहायचं.

मग चाबी पाहा. चाबीच्या पात्यावर जितक्या पायऱ्या, तितके लिव्हर काम करतात. ठशावर सहा आणि चाबीवर तीनच उंची, किंवा सगळ्या पायऱ्या सारख्याच खोल, तर बाकीचे लिव्हर नुसते भरतीचे. आणखी एक परीक्षा दुकानातच होते. एकाच खोक्यातली तीन-चार कुलपं घ्या आणि चाब्या आपसात बदलून लावून पाहा. स्वस्त मालात चाब्यांचे प्रकार थोडे असतात. एकीची चाबी दुसऱ्याला लागली तर त्याच बाजारातून कुलूप घेतलेल्या शेजाऱ्याची चाबीही तुमच्या पेटीला लागू शकते.

दांडी कडक आहे का ते कानस सांगते. आखूड पायाच्या टोकाला, जे बंद असताना आत लपतं, हलकी कानस मारा. कानस घसरली, चकचकीत रेघसुद्धा पडली नाही, तर दांडीला पाणी दिलेलं आहे. रवाळ चुरा निघाला आणि पांढरी घासणी दिसली तर ती आरीनं सहज कापली जाईल, ‘हार्डन्ड’ असं कितीही छापलेलं असो. हे विकत घेतल्यावर करायचं, दुकानात नाही.

कोयंडा

इतकं सगळं वाचून कोणी गोळीचं, कडक दांडीचं कुलूप आणलं आणि जुन्याच कोयंड्याला लावलं तर पैसे गेले. वावरातल्या चोरीत पत्री-कंगवा वापरणारा विरळा. तिथे सब्बल, म्हणजे पहार, चालते, आणि सब्बल कुलपाला हातही लावत नाही. ती कोयंडा उपटते.

लाकडी दारावर कोयंडा स्क्रूनं बसवलेला असतो. सागाचं दार असलं तरी दीड इंची स्क्रू सब्बलीच्या एका रेट्यात निघतो, आणि स्क्रूची डोकी बाहेर दिसत असतील तर तेवढीही गरज नाही, पेचकस पुरतो. आरपार बोल्ट घाला, गोल डोक्याचा, ज्याच्या मानेला चौकोन असतो. डोकं बाहेर, नट आत, आणि नटाखाली हाताच्या तळव्याएवढी लोखंडी पट्टी. नट आवळल्यावर बोल्टचं जास्तीचं टोक हातोडीनं चेपून टाका. कडी दुमडल्यावर बोल्टची डोकी तिच्याखाली झाकली गेली पाहिजेत.

स्टार्टर पेटीची गोम वेगळीच असते. बिजागरी बाहेर असते आणि तिची पिन वरून दिसते. खिळ्यानं ठोकली की पिन खाली पडते आणि दार कुलपासकट उलट्या बाजूनं उघडतं. गावात वेल्डिंगवाला कोणी असतोच. पिनच्या दोन्ही टोकांना एकेक टाका मारून घ्या. टाका मारायच्या आधी पेटी भिंतीवरून काढलेली हवी, निदान वायर सोडवलेल्या हव्यात. आणि कुलपाची भोकं ज्या पत्र्याच्या कानात पाडलेली असतात तो कान पकडीनं वाकत असेल तर त्यावर पाच मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा तुकडा जोडून घ्या.

कोयंड्याच्या भोकाचं माप घेऊनच कुलूप घ्यायला जा. भोक १२ मिलिमीटरचं असेल तर दहाची दांडी घ्या, सहाची नको. दांडी आणि भोक यांच्यात जेवढी मोकळी जागा, तेवढीच सब्बलीच्या टोकाला जागा. दांडीची कमान ठेंगणी, धडाचे खांदे वर आलेले, असं कुलूप दिसायला बेढब असतं पण त्यात कटरचं तोंड शिरत नाही. लांब दांडीचं कुलूप साखळीला ठीक, कोयंड्याला नको.

तेल, धूळ, कुंभारीण

आपल्याकडे कुलपं चोरापेक्षा उन्हापावसानं जास्त मरतात. मे महिन्यात काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक होऊन भोकात बसते, जूनच्या पहिल्या पावसात तिचा चिखल होतो, आणि दसऱ्यापर्यंत चाबी फिरत नाही. कापूस साठवलेल्या खोलीच्या कुलपात तंतू जातात, आणि तेल टाकलं की त्यांचा बोळा होतो.

जवसाचं तेल कुलपात घालू नका. घरात असतं, पातळ असतं, म्हणून हमखास घातलं जातं. पण जवसाचं तेल हवेनं वाळून कडक पापुद्रा धरतं. खिडकीची काच बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, याच तेलात मळतात ती या गुणामुळेच. महिन्याभरात पिना त्या लांबीत रोवल्या जातात. सोयाबीनचं तेलही काही काळानं चिकट होतं. दांडीला आणि खटक्याला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. चाबीच्या भोकात मात्र कोरडं ग्राफाइट. ते मिळालं नाही तर ६बी पेन्सिल चाबीच्या दोन्ही अंगांना घासून चाबी दहा वेळा आत-बाहेर करा. तेल आणि ग्राफाइट एकाच भोकात घातलं की काळा चिकट लगदा तयार होतो, तेव्हा दोन्हीपैकी एकच.

अडकलेल्या कुलपाची चाबी पकडीनं फिरवू नका, ती मानेशीच मोडते. आधी दांडी खाली दाबा, धडावर मोगरीनं हलकं ठोका, आणि तशीच दाबून ठेवून चाबी फिरवा. नाहीच जमलं तर काढता येत असलेलं कुलूप वाटीभर रॉकेलात किंवा डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी भोक खाली करून झटका, पुन्हा बुडवा, पुन्हा झटका. काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. पूर्ण वाळल्यावर वंगण.

कुलूप लटकवताना भोक खाली राहील असं लटकवा आणि वरून मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दांडीत ओवून झालरीसारखा सोडा. पाणी आणि धूळ दोन्ही अडतात. झालर नसेल तर उन्हाळ्याच्या शेवटाला कुंभारीण माशी भोकात मातीचं घर करते. ते ओलं असताना काडीनं निघतं. वाळल्यावर चाबी ठोकून आत घातली तर माती पिनांच्या वरच्या भोकात जाऊन बसते आणि मग रॉकेलही तिथवर पोचत नाही. म्हणून बंद पडलेल्या भोकात चाबी घालण्याआधी पाण्याची चूळ मारा, पाच मिनिटं थांबा, माती मऊ झाली की बारीक तारेनं बाहेर ओढा, आत ढकलू नका.